एका सुपारीतली दोन लग्नं

अंगात देवी आलेल्या बाईला मध्येच अडवणारी आमच्या भाऊबंदकीत मी पहिली, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटची. तेही कानबाईच्या सणाला, भरल्या घरात, होणाऱ्या सासरच्या माणसांसमोर. आजही सुरतेत, आमच्या डिंडोलीत एखादी म्हातारी मला बघून पदर तोंडाला लावते आणि हसते. हसू दे. मला त्याची लाज वाटत नाही, उलट जरा छाती फुगते.

गोष्ट सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षाची. पळालेली माणसं परतली होती, लूम पुन्हा खडखडायला लागले होते, आणि मरण इतकं दारापाशी बघितल्यावर सगळ्यांना एकदम आपापल्या पोरांची लग्नं आठवली होती. आमच्या घरात आबा, आई, माझ्याहून मोठा भाऊ आणि मी. आबा पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायचे, भाऊ लूमच्या खात्यात होता, आणि मी बारावी करून घरी साड्यांना पिको-फॉल करायचे. मूळ गाव जळगावकडचं. घरात अहिराणी, पाहुण्यांसमोर मराठी, वाण्याशी गुजराती. राग आला की मात्र माझ्या तोंडात तिन्ही भाषांची भेळ व्हायची, आणि राग मला येतच असायचा.

आबांच्याच मिलमध्ये आमच्या जातीतला, आमच्याच तालुक्यातला एक माणूस होता. त्याला एक मुलगा, एक मुलगी. आबांना एक मुलगा, एक मुलगी. झालं! डबा खाता खाता दोघांनी साटंलोटं ठरवून टाकलं. त्यांची मुलगी आमच्या भावाला, मी त्यांच्या मुलाला. हुंडा नको, मानपान बरोबरीचा, मांडव एक, आचारी एक. त्या माणसाचा हात इतका आखडता की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी सुपारी फोडायला बसले तेव्हा त्यानं सुपारीसुद्धा एकच आणली. "दोन कशाला? दोन्ही लग्नं एकाच सुपारीत," म्हणाला, आणि तिची खांडं करून सगळ्यांच्या हातावर ठेवली. मोठी माणसं हसली. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला आणि मी पाया पडत सुटले.

त्या मुलाशी मी तेव्हा जिन्यात दोन शब्द बोलले होते. बरा होता. मिलमध्येच नोकरीला होता, दारू-तंबाखू काही नाही, खाली मान घालून बोलणारा. मी विचारलं, "तुम्हाला चालेल ना?" तो म्हणाला, "घरचे म्हणतील तसं." मी म्हटलं, "माझंही तसंच." दोन 'घरचे म्हणतील तसं' एका खोलीत ठेवले की संसार आपोआप होतो, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती.

पण जसजसा श्रावण जवळ यायला लागला तसे माझ्या हातून टाके चुकायला लागले. पिकोच्या मशीनवर बसले की मनात यायचं, हा माणूस रोज संध्याकाळी घरी येणार, मी त्याला ताट वाढणार, तो खाली मान घालून जेवणार, आणि हे मरेपर्यंत. त्याच्यात खोट काहीच नव्हती. खोट असती तर किती सोपं झालं असतं! मला तो नको होता, बस. याच्यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं, आणि आमच्याकडे मुलीच्या 'नको'ला कारण लागतं, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं.

आईला सांगितलं तर तिनं लाटणं खाली ठेवलं. "माय व माय! अगं, गाठी वरून बांधून येतात."

"वर कोण होतं?" मी म्हटलं. "खाली सतरंजीवर तुम्ही चौघं होतात. मीच चहा आणला होता."

"जीभ आवर. आणि तू नाही म्हटलंस तर भावाचं काय? तिथलं मोडलं की इथलंही मोडलं. साटं आहे ते."

खरी अडचण इथेच होती. कारण भाऊ त्या मुलीवर जीव टाकून बसला होता. आमचा भाऊ म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. पण सुपारी फुटल्यापासून तो आरशासमोर भांग पाडायला लागला होता, रविवारी काहीतरी निमित्त काढून पांडेसऱ्याला, तिच्या घरावरून चक्कर मारायला लागला होता, आणि एकदा तर मला, मला हं, तो विचारत होता की मुलींना कुठला रंग आवडतो. ती मुलगीही तशीच. आमच्याकडे आली की माझ्याशी बोलायची, पण तिचे कान भावाच्या सायकलच्या घंटीकडे. माझ्या एका 'नाही'नं त्या दोघांचं घर बांधायच्या आधीच पडणार होतं. माझा नकार माझा एकटीचा असता तर मी तो त्याच दिवशी छपरावर चढून सांगितला असता.

मी भावाला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, भांडेल, हातापाया पडेल. कसलं काय! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि म्हणतो, "नशिबात असेल ते होईल. तुझ्या मनाविरुद्ध नको करूस."

मला असा राग आला! "नशीब म्हणजे काय तुझा शेठ आहे? ती आवडते ना तुला? मग म्हण ना, मला हवी आहे! मी नको म्हणायला उभी राहते आहे, तुला हवी म्हणायला काय धाड भरली आहे?" तो उठून खात्यावर निघून गेला. त्या दिवशी मी एका साडीला उलट्या बाजूनं फॉल लावला.

शेजारच्या घरात माझी काकू राहायची, आबांच्या भावाची बायको. तिच्या अंगात कानबाई यायची. काकू खोटारडी नव्हती. देवी येते यावर तिचा पक्का विश्वास होता, फक्त अधूनमधून ती देवीला थोडा हातभार लावायची एवढंच. माझा उतरलेला चेहरा बघून तिनं मला मोरीपाशी गाठलं. "पोरी, तुना मनमा काय शे, सांग माले." मी सांगितलं. काकूनं डोळे बारीक केले. "एवढंच ना? कानबाईला ती माणसं दर्शनाला येतीलच. देवीच सांगेल की हे लगीन तिला मंजूर नाही. तुझ्यावर बोल नाही, त्या पोरावर डाग नाही, आबांची मान खाली नाही. देवीच्या पुढे कोण जाणार?"

खरं सांगते, मला मोह झाला. केवढी सोय! माझं काम परस्पर होणार आणि कुणी मला एक शब्द विचारणार नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काकूनं ते हो धरलं.

नागपंचमीनंतरचा रविवार आला. कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी माणसांची दिवाळीच. घर धुऊन पुसून लख्ख, देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळलेला, पुरणाचा वास गल्लीभर. चौरंगावर नारळाची कानबाई नथ घालून, हिरवं लुगडं नेसून बसली होती. दुपार कलल्यावर पांडेसऱ्याची मंडळी आली. मुलीचे वडील नव्या टोपीत, मुलगी गुलाबी साडीत, तिचा भाऊ नेहमीसारखा खाली मान घालून. आरती झाली. घंटा थांबायच्या आत काकूनं केस सोडले आणि घुमायला सुरुवात केली.

बायका मागे सरकल्या. कुणीतरी हळदकुंकू पुढे केलं. आबा हात जोडून उभे राहिले. "हूंऽऽ," काकू म्हणाली, "हाई साटं... हाई साटं माले..."

तेवढ्यात माझी नजर त्या मुलीवर गेली. ती देवीकडे बघत नव्हती, माझ्या भावाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकू 'साटं' म्हणाली! देवीनं साटं नाकारलं की दोन्ही लग्नं गेली. आणि माणसाचा नकार समजूत घालून फिरवता येतो, भांडता येतं, रडता येतं. देवीचा नकार कोण फिरवणार? माझ्या अंगावर शिंतोडा नको म्हणून मी या दोघांच्या दारावर देवीचं कुलूप घालायला निघाले होते, जे पुढे मलाही उघडता आलं नसतं.

"काकू, थांब!" मी ओरडले. "देवीला मध्ये आणू नको. नाही म्हणते आहे ती मी."

काकूचं घुमणं थांबलं आणि तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. तो डोळा मी जन्मात विसरणार नाही. मग ती बिचारी गपकन खाली बसली आणि पाणी मागायला लागली.

मी मुलीच्या वडिलांसमोर गेले. "काका, मला तुमच्या मुलाशी लग्न करायचं नाही. त्यांच्यात काही वाईट नाही. कुणी माझे कान भरलेले नाहीत, कुणावर माझं मन नाही, देवीचा कोप नाही, पत्रिका नाही. मी ठरवलं आहे. पण माझ्या भावाचं आणि तुमच्या मुलीचं मोडू नका."

मग काय, आग्या मोहोळच उठलं. आई रडायला लागली. आबा माझ्यावर हात उगारून पुढे आले आणि चौरंगासमोर मारायचं कसं म्हणून तसेच उभे राहिले. एक मावशी "कलियुग, कलियुग" म्हणत पुरणपोळी खात होती. मुलीच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. "सुपारी एक होती," ते म्हणाले. "अर्धी परत घेता येत नाही. मोडलं तर दोन्ही मोडलं."

"का पण?"

"का?" आता तेही चिडले. "साटं कशाला करतो आम्ही, माहीत आहे? तू माझ्या घरात असलीस की माझी पोरगी तुझ्या घरात सुखात राहते. तुझ्या आईनं तिला त्रास दिला तर मी तुझ्याकडे बघू शकतो. नुसती पोरगी देऊन टाकली, आणि उद्या तिचे हाल झाले तर मी कुणाला धरू? कोण जबाबदार?"

हे मला कधी कुणी असं उघड सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींच्या जामीन होतो! पण माणूस खोटं बोलत नव्हता. बापाची भीती होती ती, आणि भीती खरी होती. तिला उत्तर देणं भाग होतं.

"मी जबाबदार," मी म्हटलं.

"तू? तू उद्या लग्न होऊन जाशील."

"जाईन तिथून येईन. तुमच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं तर आधी मला बोलवा. आईला विचारीन, आबांना विचारीन, भावाचा तर गळाच धरीन. आत्ता देवीला गप्प केलं की नाही?"

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. आणि मग ते झालं, ज्याची मी मनातल्या मनात भीक मागत होते. माझा भाऊ, तोंडात मिठाची गुळणी धरलेला माझा भाऊ, माणसांमधून वाट काढत पुढे आला. कान लालभडक. "ती कशाला जबाबदार?" तो म्हणाला. "नवरा मी होणार आहे. मला ही मुलगी हवी आहे. तिचं काही वाईट झालं तर मला धरा. साटं नको, हुंडा नको, काही नको. मला ही हवी आहे." एवढं तो एका दमात जन्मात कधी बोलला नव्हता. आईचं रडणं आश्चर्यानं थांबलं. मला वाटलं, त्याला उचलून घेऊन नाचावं.

मुलीचे वडील आपल्या मुलाकडे वळले. "तू बोल. नकार तुला मिळाला आहे."

त्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली. "मला राग आला आहे," तो म्हणाला. "एवढ्या माणसांत नको म्हणाली. पण तिचं अडवू नका." आणि बहिणीकडे बोट करून तो चपला घालून बाहेर पडला.

मी त्याच्या मागे धावले. गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "तुमचा अपमान झाला," मी म्हटलं. "तो माझ्यामुळे. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही मी. नको म्हटल्याबद्दल माफी नाही मागणार, पण चारचौघांत म्हटलं, त्याची मागते."

"आधी सांगायचं होतं."

"आधी मला विचारलं कुणी?"

"आणि मला विचारलं होतं?" तो म्हणाला. त्यानं हातांनी चेहरा पुसला. त्याच्या नखांत मिलचा निळा रंग होता. मग तो "बरं" म्हणाला आणि रिक्षा स्टँडकडे चालायला लागला. आमचं सगळ्यात लांबलचक बोलणं तेच.

परत आले तर घरात सुपारीवरून घोळ चालूच होता. जुनी सुपारी फुटलेली, खाल्लेली, मग लग्न कशाच्या जोरावर? इतका वेळ गप्प असलेली ती गुलाबी साडीतली मुलगी म्हणाली, "दुसरी आणा. सुपारी काय जगात एकच पिकली होती?" भाऊ बाण सुटावा तसा नाक्यावरच्या पानवाल्याकडे सुटला. पानवाल्यानं "शुं थयुं, भाई?" म्हणून विचारलं तर याच्या तोंडून शब्द फुटेना, नुसता पुडीकडे हात दाखवत होता, असं पुढे पानवालाच सांगायचा. सुपारी आली. आबांनी हात लावला नाही, तिच्या वडिलांनीही नाही. दोघंही रुसल्यासारखे भिंतीकडे बघत बसले. तेव्हा त्या मुलीनं स्वतः अडकित्ता घेतला आणि कचकन सुपारी फोडली. आपल्याच लग्नाची सुपारी नवरीनं फोडलेली कुणी ऐकली आहे का कधी? आमच्या घरात फुटली! तिनं पहिलं खांड वडिलांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ मुठीत धरलं आणि मग तोंडात टाकलं. मी मोठ्यानं हसले आणि रडलेही.

हे सगळं फुकटात नाही झालं. आबा माझ्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत. "देवीला गप्प करणारी" म्हणून माझं नाव उधना स्टेशनपर्यंत पोचलं आणि माझ्यासाठी स्थळं यायची थांबली. पुढे झालं माझं लग्न, बऱ्याच वर्षांनी, मी हो म्हटलेल्या माणसाशी, पण मधल्या काळात आईनं टाकलेले उसासे मी ऐकले आहेत. काकू मात्र माझ्यावर रागावली नाही. "देवीच म्हणाली, बोलू दे पोरीला," असं ती सांगत सुटली, आणि तिचं ते खरंही असेल. माझ्या नकाराची किंमत मी मोजली आणि एकदाही ती दुसऱ्याच्या पदरात टाकली नाही. याचा मला माज आहे, आणि तो मी लपवत नाही.

दिवाळीनंतर भावाचं लग्न लागलं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, आणि तो भाऊ येतो की नाही म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव नव्हता. आला. माझ्या भावाचा कान त्यानं असा पिळला की भाऊ कळवळला, आणि मांडवात हशा पिकला. नंतर माझ्याजवळून जाताना म्हणाला, "मीही नाही म्हटलं. गावाकडच्या एका स्थळाला. स्वतः जाऊन." मी करवली, बँडसमोर चप्पल तुटेपर्यंत नाचले.

आणि 'मी जबाबदार' म्हटलेलं मला चांगलंच भोवलं. लग्न झाल्यावर आईची आणि वहिनीची कुरबुर झाली की वहिनी थेट माझ्या मशीनपाशी येऊन उभी. "ताई, तुम्ही सांगितलं होतं ना बाबांना?" की मी उठले, आईशी भांडले. भाऊ दोन वेळा सिनेमाला घेऊन जातो म्हणून सांगून विसरला, तेव्हा त्याच्याशी भांडले. भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं याचा निवाडासुद्धा केला. एकदा मात्र त्या दोघांचं खरंच मोठं भांडण झालं, भांडी आदळल्याचा आवाज गल्लीत आला. मी कात्री टाकली, चपला घातल्या आणि तरातरा आत गेले. वहिनी चुलीपाशी रडून लाल झाली होती, भाऊ भिंतीला टेकून बसला होता. "काय केलं यानं?" मी बाह्या सरसावत विचारलं.

वहिनीनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही जा, ताई," ती म्हणाली. "सुपारी मी फोडली आहे. याच्याकडे मीच बघते."